एका कृमीची खानेसुमारी

कृमींच्या कुळाविषयी आपल्या लोकांचा अनुभव मुळीच सुखावह नाही. विहिरीच्या पायऱ्या उतरून पाणी भरणाऱ्या आणि त्यापायी अंगातून नारू ओढून काढण्याच्या यातना सोसणाऱ्या पिढीतील माणसे अद्याप हयात आहेत, कारण हा देश नारूमुक्त झाल्याचा दाखला जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळाला तो २००० साली. विदर्भातील कित्येक गावांतून हत्तीरोगाचे ठाण अजून पुरते हललेले नाही. शाळाशाळांतून मुलांना जंताची गोळी देण्याचा सरकारी उपक्रम दरसाल पार पडतो. आणि डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीचे नाव काढताच सोलापूरकडील बागाईतदाराच्या कपाळावर आठ्या चढतात. अशा या बदनाम घराण्यात जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक, मातीत आणि कुजक्या पालापाचोळ्यात जिवाणू खाऊन राहणारा आणि माणसाच्या वाटेस कधीही न जाणारा एक सभासद आहे. सिनोरॅब्डायटिस एलिगन्स हे त्याचे भारदस्त नाव. या क्षुद्र जीवाच्या आधाराने झालेल्या संशोधनास २००२, २००६, २००८ आणि २०२४ अशी चार वेळा नोबेल पारितोषिके मिळाली, हे वृत्तपत्रांतून वेळोवेळी येऊन गेले आहे. मला येथे लिहावयाचे आहे ते ज्या एका माणसाच्या चिकाटीवर या साऱ्या इमारतीचा मोठा भार पेलला गेला त्या जॉन सल्स्टन यांच्या कारकिर्दीविषयी, आणि ही कारकीर्द आमच्या विद्यापीठांच्या व अनुदानसमित्यांच्या दप्तरी आज कोणत्या रकान्यात बसली असती, या काहीशा अप्रिय प्रश्नाविषयी.

आरंभ सल्स्टन यांच्यापासून होत नाही. तो सिडनी ब्रेनर यांच्यापासून होतो. दक्षिण आफ्रिकेत एका स्थलांतरित ज्यू चांभाराच्या पोटी जन्मलेला हा असामान्य बुद्धीचा गृहस्थ केंब्रिज येथील रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करीत होता, आणि १९६३ साली त्याने प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांना पत्र लिहून असे कळविले की, आपल्या शास्त्रातील मूळचे प्रश्न आता सुटले आहेत किंवा येत्या दशकात सुटतील, तेव्हा एका पेशीपासून सबंध प्राणी कसा घडतो आणि त्याची चेतासंस्था कशी उभी राहते या अवघड प्रदेशाकडे आपण वळले पाहिजे. त्यासाठी ब्रेनर यांना असा प्राणी हवा होता की जो जिवाणूंप्रमाणे बशीत हजारोंनी वाढविता येईल, परंतु ज्याला स्नायू, आतडे, त्वचा आणि मज्जातंतू हा सारा संसार असेल. पुष्कळ शोधाअंती त्यांची नजर या कृमीवर स्थिरावली. अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतचा त्याचा प्रवास सुमारे तीन दिवसांत संपतो. एकेका कृमीला तीनशेच्या आसपास संतती होते. बहुतेक कृमी उभयलिंगी असून स्वतःच स्वतःचे फलन करतात, त्यामुळे एखाद्या जनुकात बिघाड झाला तर दोन पिढ्यांत तो आपोआप उघडकीस येतो. आणि क्वचित निपजणारे नर संकराच्या प्रयोगांसाठी हाताशी असतातच. प्रयोगशाळेत आज सर्वत्र पाळला जाणारा वाण ब्रिस्टलजवळच्या अळिंबीच्या खतातून आलेला आहे, हेही या कथेच्या एकंदर साधेपणाला शोभण्यासारखेच.

ब्रेनर यांनी रासायनिक द्रव्याच्या योगाने जनुकांत बिघाड घडवून आणला आणि आखूड, लांबोडे, लुळे, गिरक्या घेत सरपटणारे अशा नाना प्रकारच्या विकृत कृमींच्या संततीचा छडा लावीत सुमारे शंभर जनुकांची जागा निश्चित केली. या कामाचा प्रबंध प्रसिद्ध झाला १९७४ साली. पत्र १९६३ चे, आणि फळ १९७४ चे. मधल्या अकरा वर्षांत ब्रेनर यांच्या इतर कीर्तीने त्यांना सांभाळून घेतले असेल हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या तरुण मंडळींना त्यांनी आपल्या या उद्योगात सामील करून घेतले त्यांच्यापाशी अशी कीर्ती नव्हती, आणि तरीही त्यांच्यामागे कोणी हिशेबाचा तगादा लावला नाही.

सल्स्टन हे या मंडळींपैकी एक. त्यांचा जन्म १९४२ सालचा. वडील अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक आणि आई इंग्रजीची शिक्षिका. शिक्षण झाले ते रसायनशास्त्राचे. १९६६ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत लेस्ली ऑर्गेल यांच्याकडे गेले आणि पृथ्वीवर जीवसृष्टी निर्माण होण्यापूर्वी रसायनांचा काय व्यवहार चालला असावा या प्रश्नावर काही काळ रमले. १९६९ साली ते केंब्रिजला ब्रेनर यांच्या चमूत दाखल झाले तेव्हा जीवशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांच्या गाठीस नव्हते. प्रारंभी त्यांनी जी कामे केली ती कोणाचे डोळे दिपविणारी नव्हती: कृमीच्या डीएनएचे मोजमाप केले, त्याच्या काही चेतापेशींत डोपामिन असते हे दाखविले, आणि जिवंत कृमी गोठवून वर्षानुवर्षे साठविण्याची व पुन्हा वितळवून जिवंत करण्याची रीत शोधून काढली. या शेवटच्या कामाचा गौरव कोणत्याही समारंभात होत नाही. तथापि ती रीत सापडली नसती तर हजारो विकृत वाणांची जपणूक करणे केवळ अशक्य होऊन सबंध शास्त्रच मोडीत निघाले असते.

पुढे त्यांचे लक्ष कृमीच्या पोटाकडील मज्जारज्जूकडे गेले. सूत्रकृमी अंड्यातून बाहेर पडतो तो आपल्या सर्व पेशी घेऊनच, पुढे तो केवळ आकाराने वाढतो, अशी ग्रंथांतून सांगितली जाणारी समजूत होती. सल्स्टन यांनी मोजून पाहिले तो कोवळ्या अळीत त्या रज्जूतील चेतापेशी पंधरा आणि वाढलेल्या कृमीत सत्तावन्न! या जास्तीच्या पेशी आल्या कोठून हे कळण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे जिवंत अळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून प्रत्यक्ष पाहत बसणे. नोमार्स्की पद्धतीच्या सूक्ष्मदर्शकातून पारदर्शक देहातील एकेक केंद्रक रंग न देताही स्पष्ट दिसते. अळीला समोर जिवाणूंचा थोडा खाऊ ठेवला म्हणजे ती स्वस्थ चरत राहते. आणि पाहणाऱ्यापाशी पेन्सिल, कागद व बैठक एवढे असले की पेशी केव्हा दुभंगते आणि तिच्या लेकी कोणीकडे जातात हे टिपून घेता येते. १९७४ मध्ये शिकागोकडचे रॉबर्ट हॉर्विट्झ त्यांच्या जोडीला आले, आणि १९७७ साली अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या पेशींची वंशावळ दोघांनी मिळून प्रसिद्ध केली.

उरला होता तो खरा कठीण भाग, अंड्यातील. अंडे एक मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढे, विकासाचा काळ सुमारे चौदा तास, आणि त्या अवधीत एका पेशीच्या ६७१ पेशी होतात. उत्तरार्धात तर भ्रूण वळवळू लागतो आणि डोळ्यांसमोरची सारी मांडणी क्षणोक्षणी विस्कटते. जर्मनीत गॉटिंगेन येथे याच कामाचा चित्रफितीच्या साहाय्याने प्रयत्न चालला होता आणि तो बराच पुढेही गेला होता, परंतु पुढच्या गर्दीत माग काढण्यास चित्रफीत अपुरी पडत होती. सल्स्टन यांनी एका लहानशा खोलीत दार लावून घेऊन सुमारे दीड वर्ष, दिवसातून दोनदा आणि दर बैठकीस चार तास, भ्रूणाकडे पाहत राहण्याचा परिपाठ ठेवला. एका बैठकीत सगळ्या पेशींचा माग काढणे कोणालाच शक्य नसते. म्हणून एका भ्रूणात थोड्या पेशींचा पाठलाग, दुसऱ्यात आणखी थोड्यांचा, असे करीत करीत नकाशा भरत जावयाचा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून एखाद्या घराण्याच्या पिढ्या जशा नावनिशीवार सापडतात, तशी या कृमीच्या प्रत्येक पेशीची पिढीजाद नोंद १९८३ सालच्या प्रबंधात छापली गेली, आणि आदिपेशीपासून अखेरच्या पेशीपर्यंत सबंध प्राण्याची वंशावळ मनुष्याच्या हाती प्रथमच आली. याच जीवाच्या ३०२ चेतापेशींची परस्परांशी असलेली जोडणी जॉन व्हाइट आणि त्यांचे सहकारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांवरून लावीत होते. ते काम १९८६ साली पुरे झाले.

आता एखादा चाणाक्ष वाचक विचारील की, यात शोध तो कोणता? कोणता सिद्धांत सिद्ध झाला? प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर असे की या खानेसुमारीने सिद्धांताची हौस असणाऱ्यांची एक प्रकारे निराशाच केली. देहाच्या डाव्या-उजव्या अंगास हुबेहूब सारखी दिसणारी इंद्रिये पुष्कळ ठिकाणी निरनिराळ्या पूर्वजांपासून आलेली निघाली. स्नायू स्नायूंच्याच वंशात आणि चेतापेशी चेतापेशींच्याच वंशात जन्मतात असा साधा नियम आढळला नाही. निसर्गाने मिळेल ती पेशी हाताशी धरून घर उभारलेले दिसले. परंतु या अव्यवस्थेतील प्रत्येक गोष्ट दर कृमीत अगदी तशीच घडते. भ्रूणात निर्माण होणाऱ्या ६७१ पेशींपैकी ११३ मरतात आणि ५५८ घेऊन अळी बाहेर पडते. उभयलिंगी कृमीच्या सबंध आयुष्यात १०९० कायिक पेशी जन्मतात, त्यांतील १३१ मरतात आणि ९५९ शिल्लक राहतात. मरणाऱ्या १३१ पेशी कोणत्या, त्या कोणत्या घटकेस मरणार आणि शेजारची कोणती पेशी त्यांना गिळून टाकणार, हेही ठरलेले.

या मृत्यूंत काही अर्थ असावा असे मानून हॉर्विट्झ मॅसॅच्युसेट्समधील आपल्या प्रयोगशाळेत त्यांच्यामागे लागले. १९८६ साली त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी हिलरी एलिस यांनी दाखवून दिले की सेड-३ आणि सेड-४ ही दोन जनुके निकामी झाली तर मरावयाच्या पेशी मरतच नाहीत. म्हणजे पेशीचे मरण हा अपघात नसून तिच्या स्वतःच्या जनुकांनी बजावलेला हुकूम असतो. पुढे या हुकमास लगाम घालणारे सेड-९ सापडले, आणि ते मनुष्यातील बीसीएल-२ या जनुकाचे आप्त निघाले. हे मानवी जनुक एका प्रकारच्या रक्तपेशींच्या कर्करोगात बेसुमार कामाला लागलेले आढळते, हे वैद्यकास स्वतंत्रपणे ठाऊक झालेले होते. दोन दिशांनी खणत आलेली भुयारे एकमेकांस मिळाली, एवढेच म्हणणे न्याय्य होय. २००२ चे पारितोषिक ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ या तिघांना मिळाले ते यासाठी.

वंशावळ पुरी असण्याचे महत्त्व किती, हे मला सर्वांत अधिक पटते ते दुसऱ्याच एका उदाहरणावरून. लिन-४ नावाच्या जनुकात बिघाड झालेला कृमी वयाने वाढतो, पण त्याच्या काही पेशी बाल्यावस्थेतील विभाजने पुन्हा पुन्हा करीत बसतात. निरोगी कृमीत कोणत्या वयात कोणती पेशी किती वेळा दुभंगते हे अगोदर लिहून ठेवलेले नसते, तर या विकृतीला नाव देणेही कोणास जमले नसते. ओबडधोबड कृमी म्हणून ती बशी बाजूला सारली गेली असती. व्हिक्टर अँब्रोस यांनी या जनुकाचा पिच्छा पुरविला तेव्हा १९९३ साली असे आढळले की त्यातून प्रथिन मुळी तयारच होत नाही. तयार होतो तो अवघ्या बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा, आणि गॅरी रुव्हकुन यांच्या हाती असलेल्या लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून तो त्याचे तोंड बंद करतो. सात वर्षे ही या कृमीची खासगी लहर समजली गेली. २००० साली रुव्हकुन यांना असा दुसरा तुकडा सापडला आणि तो माशीपासून मनुष्यापर्यंत जसाच्या तसा आढळला, तेव्हा कोठे लोकांचे डोळे उघडले. पारितोषिक २०२४ चे.

येथे लेखकाने ठरावीक वळण घ्यावे अशी अपेक्षा असते: बीसीएल-२ च्या ज्ञानावर आधारलेले व्हेनेटोक्लॅक्स हे कर्करोगावरील औषध २०१६ पासून अमेरिकेत मान्य झाले, आणि याच कृमीत १९९८ साली अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी शोधलेल्या आरएनए-हस्तक्षेपाच्या तत्त्वावरील पहिले औषध २०१८ मध्ये आले, तस्मात् कृमीवर खर्च केलेला पैसा व्याजासह वसूल झाला. हे सारे खरे आहे. परंतु मूलभूत संशोधनाची तरफदारी या मुद्द्यावर करणे मला नेहमीच गैर वाटत आले आहे, कारण १९८० साली त्या लहान खोलीत बसलेल्या मनुष्याला यातील एकही वाक्य आपल्या अर्जात लिहिता आले नसते. आणि जो न्याय फळ आल्यावरच लागू पडतो तो पेरणीच्या वेळी निरुपयोगी असतो. अर्जात लिहिण्याजोगे त्याच्यापाशी एवढेच होते की, ही गोष्ट पुरती पाहिली गेलेली नाही, ती पुरती पाहता येण्यासारखी आहे, आणि मी ती पाहीन. माझ्या मते हे कारण पुरेसे आहे, आणि सरकारी खजिन्याने ते पुरेसे मानावे, एवढेच सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आमच्याकडे ते पुरेसे मानले जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीस गुणांकांची अट घातली, प्रत्येक निबंधाला, पुस्तकाला, परिषदेतील हजेरीला गुण ठरवून दिले, आणि त्याचा परिणाम म्हणून पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचा जो सुकाळ झाला तो महाविद्यालयांत वावरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. नियम पुढे बदलले, प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही अटही २०२२ मध्ये गेली. परंतु मोजण्याची खोड गेली नाही. १९६९ ते १९७६ या काळात सल्स्टन यांच्या नावावर बोटांवर मोजण्याइतके निबंध होते. दीड वर्ष दार लावून बसलेल्या या रसायनशास्त्रज्ञाला आमच्या एखाद्या समितीने वार्षिक अहवालात ‘समाधानकारक प्रगती नाही’ असा शेरा मारला असता, आणि नियमाच्या दृष्टीने तो शेरा बिनचूक ठरला असता.

यावर कोणी असे म्हणेल की, दार लावून बसणारा प्रत्येकजण सल्स्टन नसतो. आतमध्ये वामकुक्षी घेणारेही असतात, आणि जनतेच्या पैशाचा जाब कोणी तरी विचारलाच पाहिजे. आक्षेप खरा आहे. मात्र केंब्रिजच्या त्या प्रयोगशाळेत जाब विचारला जात नव्हता असे समजू नये. तेथे पेरुट्झ यांच्या पत्नी गिझेला यांनी चालविलेले एक उपाहारगृह होते, आणि चहाच्या वेळी, जेवणाच्या वेळी पोरसवदा विद्यार्थ्यापासून नोबेलविजेत्यापर्यंत सारेजण एकाच मेजावर येत असल्याने कोण काय पाहतो आहे, कोणाचे कोठे अडले आहे आणि कोण नुसता वेळ काढतो आहे, हे सर्वांना नित्य ठाऊक असे. माणसाची पारख तेथे त्याचे काम समजणाऱ्या माणसांकडून होत असे. आमच्या समित्यांना अर्जदाराचे काम समजून घेण्यास सवड नसते, कित्येकदा पात्रताही नसते, आणि ती उणीव झाकण्यासाठी आकडेमोड पुढे केली जाते. हिशेब कडक ठेवण्यास माझा विरोध नाही; हिशेबनीसाने माल पाहिलेला असावा एवढाच माझा आग्रह आहे.

गरीब देशास ही चैन परवडेल काय, हा प्रश्न तर या प्रकरणी उद्भवतच नाही. बशी, जिवाणू, चांगला सूक्ष्मदर्शक आणि एका माणसाचा पगार, एवढ्या सामग्रीवर १९८३ चे काम झाले. कृमींचे वाण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या भांडारातून नाममात्र शुल्कात टपालाने जगभर जातात. मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हा कृमी पाळला जातो आणि चेतापेशींच्या लांबलचक तंतूंतून मालाची ने-आण कशी होते याचा अभ्यास त्याच्यावर चालतो. पारदर्शक देहामुळे ही वाहतूक जिवंतपणी डोळ्यांनी पाहता येते. म्हणजे परंपरा आमच्याकडे अगदीच नाही असे नाही. उणीव आहे ती संख्येची आणि मुदतीची.

सल्स्टन यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध अधिक प्रसिद्ध आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. ॲलन कूल्सन यांच्यासह त्यांनी कृमीच्या जीनोमचा नकाशा करावयास घेतला, सेंट लुइसचे रॉबर्ट वॉटरस्टन त्यांना मिळाले, आणि १९९८ च्या डिसेंबरात सुमारे ९ कोटी ७० लाख अक्षरांचा हा जीनोम प्रसिद्ध झाला. बहुपेशीय प्राण्याचा असा पहिलाच. दरम्यान १९९२ च्या सुमारास सल्स्टन आणि वॉटरस्टन या दोघांना खासगी भांडवलाने आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न केला आणि त्यांनी तो मोडून काढला. पुढे हिंक्स्टन येथील सँगर केंद्राचे प्रमुख या नात्याने मानवी जीनोमच्या कामात सल्स्टन यांनी आणि वॉटरस्टन यांनी जो दंडक १९९६ साली बर्म्युडाच्या बैठकीत मान्य करून घेतला त्यानुसार वाचलेला मजकूर चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुला करावयाचा होता; मानवी जीनोम वाचण्याच्या कामात उतरलेल्या क्रेग व्हेंटर यांच्या खासगी कंपनीशी पुढे जो तंटा माजला त्याचे मूळ या आग्रहात होते. हा आग्रह कृमीच्या मंडळीतच रुजलेला होता. १९७५ पासून ही मंडळी एक अनौपचारिक पत्रिका काढून आपली अप्रसिद्ध निरीक्षणे एकमेकांस कळवीत असत, आणि नकाशाचा कोणताही भाग मागेल त्याला मिळत असे. जो मनुष्य दीड वर्ष सार्वजनिक पैशावर निवांत पाहत बसला, त्याने पाहिलेले सारे जनतेच्या स्वाधीन केले, आणि या दोन गोष्टी मला एकाच कराराच्या दोन बाजू वाटतात. सवड मागणाऱ्या संशोधकाकडून हीच एक अट लिहून घ्यावी. बाकीचे रकाने कोरे राहिले तरी चालतील.

२०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचा सरकारचा मनोदय आहे, आणि त्यातील मोठा हिस्सा खासगी क्षेत्राकडून यावा अशी अपेक्षा आहे. खासगी क्षेत्र दहा वर्षे थांबणार नाही, आणि थांबावे असे म्हणण्याचा मला अधिकारही नाही. सरकारच्या पदरच्या हिश्शातून मात्र, विषय कोणताही असो, निवडक तरुणांना दहा वर्षांची नेमणूक देण्याची तजवीज व्हावी, त्यांच्या कामाची तपासणी मध्यंतरी एकदाच व्हावी आणि ती प्रयोगशाळेत दोन दिवस शेजारी बसून, त्यांच्याच सूक्ष्मदर्शकातून पाहून व्हावी. आणि मार्चअखेर जवळ आली म्हणून त्यांच्या दारावर कोणी थाप मारू नये.